एकोणीस नर, दोनशे अंडी

"अंड्यांना गादी, अन् मला फळी," चारिंग वहिनी माझ्या कानाशी पुटपुटली.

तिचं काही खोटं नव्हतं. गाडीतलं मागचं बाक काढून तिथे दादाने स्वतःच्या पलंगावरची गादी अंथरली होती. गादीवर भाताचं तूस, तुसावर पुठ्ठ्याचे ट्रे, आणि ट्रेमध्ये बदकीची अंडी, सगळी निमुळतं टोक खाली करून ठेवलेली. एकशेसाठ अंडी गादीवर मावली. उरलेली चाळीस आम्ही दोघी नणंद-भावजया मांडीवर घेऊन फळीवर बसलो होतो. उबवायची अंडी नेताना ती हादरता कामा नयेत, त्यांना ऊन लागता कामा नये, वारं लागता कामा नये, आणि थंडी तर मुळीच नाही. त्यामुळे काचा बंद आणि गार हवेचं यंत्रही बंद. एप्रिल महिना होता. निघायचं पहाटे ठरलं होतं, पण गाडी कप्तानाची, आणि कप्तानाची पहाट नऊला होते.

कप्तान अबुंदियो म्हणजे आमच्या वस्तीचा निवडून आलेला प्रमुख. गाडी खरं तर वस्तीची, पण चावी त्याच्या कमरेला. तिच्या दोन्ही दारांवर नगराध्यक्षांचा हसरा चेहरा रंगवलेला आहे. एरवी दार आपटलं की तो चेहरा दणकन आदळतो, आणि आम्हां बायकांना तेवढंच जरा बरं वाटतं. आज अंड्यांमुळे दारं हलक्या हाताने लावायची होती, म्हणजे तेही सुख गेलं.

पुढे कप्तानाच्या शेजारी तेरिओ दादा बसला होता, हातात पाण्याने अर्धा भरलेला पेला घेऊन. पाणी हललं की तो नुसतं "अं" म्हणायचा, आणि कप्तान वेग कमी करायचा. होता होता वेग इतका कमी झाला की आमच्यामागे जीपा, रिक्षा, नारळाचा एक ट्रक अशी रांग लागली. एका गावात तर रस्त्याकडेच्या म्हाताऱ्याने टोपी काढून छातीशी धरली आणि क्रूसाची खूण केली. त्याला वाटलं, आम्ही कुणाला तरी पुरायला नेतोय.

वहिनी म्हणाली, त्याचा अंदाज फारसा चुकलेला नाही. पण हेही माझ्या कानातच.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. लुदिंग आमची सगळ्यांत धाकटी बहीण. तिला बानाहाव डोंगराच्या पलीकडे दिली. नवरा बोटीवर कामाला गेला आणि कुठल्याशा बंदरात उतरला तो उतरलाच. लुदिंगने तीनशे बदकींवर दोन मुली वाढवल्या. गेल्या डिसेंबरात पक्ष्यांचा रोग आला. पांढरे पायघोळ कपडे घातलेली सरकारी माणसं आली, चर खणला, आणि तिची तीनशेच्या तीनशे बदकं, धडधाकट होती तीसुद्धा, त्यात घातली. भरपाईची पावती दिली. पावती अजून तिच्याकडे आहे. मग एक एजन्सीवाली बाई घरी येऊ लागली. कुवेतमध्ये घरकाम, दोन वर्षं, दुसऱ्यांची मुलं सांभाळायची आणि आपल्या मुली फोनवर बघायच्या. कागद तयार झाले, फक्त सही राहिली.

तेवढ्यात शेजारच्या अंडी उबवणाऱ्या माणसाने तिला आपल्या शेडमधला एक कोपरा देऊ केला, पण या एप्रिलपुरताच. लुदिंगने दादाला फोन केला. तिला चांगल्या घरची दोनशे अंडी हवी होती. अंडी आली तर एजन्सीचा कागद सही न करता परत पाठवीन, म्हणाली. तिची जागा मग रांगेतल्या पुढच्या बाईला जाणार, आणि पुन्हा काही मिळणार नाही. एकदा नाही म्हणालेल्या बाईला एजन्सी दुसऱ्यांदा विचारत नाही.

फोन आला तेव्हा दादा अंगणात बसला होता. कप्तान होता, शेजारपाजारचे होते, आणि फोनचा आवाज मोठा केलेला होता. दादा आमच्या तळ्याकाठचा सगळ्यांत नावाजलेला बदकवाला. तो लगेच म्हणाला, दोनशे काय, माझ्या बदकींची पहिल्या प्रतीची दोनशे अंडी मी स्वतः घेऊन येतो. कप्तान म्हणाला, आणि गाडी माझी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आणि मग सगळे एकदम आपापल्या चपलांकडे बघू लागले.

कारण दादाकडे दीडशे बदकी होत्या, पण नर एकही नव्हता.

नर होते. एकोणीस होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वस्तीत जीपच्या थांब्याचं उद्घाटन झालं. थांबा जुनाच, मी शाळेत असल्यापासून आम्ही तिथे बसतोय, पण त्याला रंग दिला आणि पाठीच्या भिंतीवर नगराध्यक्षांचा चेहरा काढला, म्हणजे उद्घाटन आलंच. वीस पाहुणे येणार होते. नगराध्यक्ष चार तास उशिरा आले आणि ऐंशी माणसं घेऊन आले. डुकराचं मटण पहिल्या पंगतीत संपलं. कप्तानाच्या कपाळावर घाम आला. तो दादाकडे आला आणि म्हणाला, तेरिओ, वस्तीची अब्रू तुझ्या हातात आहे. अंडी देणाऱ्या बदकीला हात कोण लावणार? मग नर धरले. आधी पाच, मग आणखी पाच, आणि भांडं मोठं होतं म्हणून उरलेले. वहिनीने ते टोमॅटो, मिरची आणि व्हिनेगर घालून शिजवले. नगराध्यक्षांनी दोन घास खाल्ले आणि मांस चिवट आहे म्हणाले. दादाला ते फार लागलं. माझं जनावर चिवट नसतं, असं तो पुढे आठवडाभर येईल त्याला सांगत होता. बाकीचं आम्ही सगळ्यांनी संपवलं. मी दोनदा वाढून घेतलं, खोटं कशाला बोलू.

नर परत देण्याचं वचन कप्तानाने त्याच दिवशी दिलं होतं, आणि वचन पाळलंही, कागदावर. नगरपालिकेची उपजीविका योजना होती, तिच्यात दादाच्या नावे एकोणीस नर मंजूर झाले. वाटपाच्या दिवशी पाठीमागे फलक लावला, फोटोवाला आला. प्रत्यक्षात नर यायचे होते पुढच्या महिन्यात, निधी आला की. पण फोटो लगेच हवे होते, आणि नियमाप्रमाणे प्रत्येक नराचा वेगळा. मग पलीकडच्या शेडमधून एक नर उसना आणला आणि दादाने त्याला एकोणीस वेळा पोटाशी धरलं. कधी डावीकडून, कधी उजवीकडून, मध्ये एकदा शर्ट बदलून. शेवटच्या फोटोत दादापेक्षा तो नरच जास्त दमलेला दिसतो. संध्याकाळी तो आपल्या घरी गेला. दादाने एकोणीस नर मिळाल्याची सही केली. तेव्हापासून, नर नाहीत असं म्हणणं म्हणजे दादाची सही खोटी म्हणणं, कप्तानाला लबाड म्हणणं, आणि आपण काय जेवलो ते कबूल करणं. एवढं सगळं एका वाक्यात कोण म्हणणार?

आता कुणी म्हणेल, नर गेल्यावरही बदकी काही दिवस चांगली अंडी देतात. देतात. बदकीच्या पोटात नराची आठवण एक आठवडा राहते, दुसऱ्या आठवड्यात विरत जाते, त्यानंतर अंडं फक्त खायचं. हे आम्हां बहिणींना लहानपणी शिकवलं ते दादानेच. पण मार्चच्या शेवटाला तो म्हणू लागला की जातिवंत बदकीला तीन आठवडे आठवण राहते. लुदिंगचा फोन आला त्या दिवशी ती पाच आठवड्यांवर गेली. मी एकदा हळूच सुचवून पाहिलं की पलीकडच्या शेडमधली अंडी घेऊ, कुणाला कळणार आहे. दादा माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, तेरिओने बहिणीला दुसऱ्याची अंडी दिली असं लोकांनी म्हणायचं का? आमच्याकडे मोठ्या भावाला तोंडावर खोटं पाडत नाहीत. त्याला हसत हसत बुडू देतात.

आणि म्हणून त्या वांझ अंड्यांची बडदास्त अशी चालली होती की खरी अंडी असती तर लाजली असती. घाट लागला तसा दादा दर वळणावर गाडी थांबवायला लावी, मागे येई, कुठल्याही ट्रेमधलं एक अंडं उचली, डोळा मिटून पापणीला लावी. पापणीला जी ऊब कळते ती हाताला कळत नाही. जुने लोक असंच बघतात. बघून तो अंडं परत जागच्या जागी ठेवी आणि म्हणे, "ठीक आहे." वहिनी प्रत्येक वेळी दुसरीकडे बघे. तिसऱ्या वळणावर तिचे डोळे भरलेले दिसले, तर म्हणाली, घाम गेला डोळ्यात.

प्रांताच्या सीमेवर तपासणी नाका होता. रोग आल्यापासून पक्षी आणि अंडी कागदाशिवाय पलीकडे जाऊ देत नाहीत. मास्क लावलेली एक तरुण अधिकारी बाई आली. तिने अंडी बघितली आणि विचारलं, बलूतची का? अठरा दिवस उबवून उकडून खायची ती अंडी. दादा दुखावला. म्हणाला, खायची नाहीत, पिलं काढायची.

मग तिने फॉर्म काढला. माद्या किती? दीडशे. नर किती?

दादा पेल्यातलं पाणी निरखू लागला. मला वाटलं, सुटलो. आता ही सरकारी पोर आपल्या वाटचं बोलून टाकणार. पण कप्तानाने आसनाखालून फाइल काढली. योजनेचा आदेश, दादाची सही, एकोणीस फोटो. बाईने एकेक फोटो नीट पाहिला. दोन हातात धरून शेजारी शेजारी ठेवले.

"सगळे अगदी सारखे दिसतात," ती म्हणाली.

"जातिवंत आहेत," कप्तान म्हणाला.

तिला ते पटलं. दीडशेला एकोणीस हे प्रमाण उत्तम आहे, असा एक शेराही तिने मारला. मग फॉर्मवर 'फलित अंडी' असा निळा शिक्का उठवला, टायरांवर औषध फवारलं, आणि दादाकडे सहीसाठी पेन दिलं. दादाने सही करायला फार वेळ घेतला. इतकं छोटं नाव आहे त्याचं.

पुढे कप्तानाला हुरूप आला. शिक्का मिळाल्यावर त्याला खरंच वाटायला लागलं असावं की नर आहेत. तो बोलू लागला. ही पिलं निघाली की नगराध्यक्षांना बोलवू, डोंगरापलीकडेही आपल्या योजनेचं नाव होईल, लुदिंगच्या शेडला एक फलक लावू. मध्येच त्याला फोन आला, त्याने एका हाताने तो कानाला लावला, आणि रंग न दिलेला गतिरोधक त्याला दिसला नाही.

पेल्यातलं पाणी दादाच्या पँटवर सांडलं. माझ्या मांडीवरचं काही हललं नाही, पण वहिनीच्या ट्रेमध्ये एका अंड्याला केसासारखा तडा गेला. दादा ओल्या पँटने मागे आला. त्याने ते अंडं बघितलं आणि फेकून दे म्हणाला. वहिनीने ते रुमालात गुंडाळून पोलक्यात ठेवलं. खाण्याची वस्तू ती फेकत नाही. कप्तानाने हळहळून सांगितलं की एक पिलू गेलं बिचारं.

लुदिंग दारातच उभी होती. वाळली होती, पण केस धुऊन मोकळे सोडले होते आणि पिवळा फ्रॉक घातला होता, सणाचा. शेजाऱ्याच्या शेडमधला कोपरा तिने तीनदा झाडून घेतला होता. बांबूच्या उंच टोपल्या, कढईत गरम करायचं तूस, अंडी बांधायला धुतलेली फडकी, सगळं मांडून ठेवलेलं. तिच्या मुलींनी टोपल्यांवर खडूने आकडे घातले होते. प्रवासातून आलेली अंडी एक दिवस स्वस्थ ठेवायची असतात, मगच उबेत घालायची, म्हणून ट्रे उतरवून सावलीत ठेवले. लुदिंग एकेका ट्रेवरून हात फिरवत होती, अंड्यांना न लावता, वरून.

जेवायला शेवया आणि केळीच्या पानात शिजवलेला चिकट भात होता. मूर्तीच्या कपाटावर, बाळ येशूच्या पायाशी, एजन्सीचं पिवळं पाकीट ठेवलेलं होतं. ते सगळ्यांनी पाहिलं आणि कुणी पाहिलं नाही. एजन्सीचं ऑफिस आमच्याकडच्या बाजारपेठेत. पाकीट आमच्याच गाडीतून जायचं होतं, कारण उद्या शेवटचा दिवस.

वहिनीने पोलक्यातून तडकलेलं अंडं काढून दिलं. लुदिंग म्हणाली, वाया कशाला, दादाला तळून देते. तिने ते वाटीत फोडलं.

चांगल्या अंड्याच्या बलकावर एक पांढरा ठिपका असतो आणि त्याभोवती एक कडं असतं, चंद्राला खळं पडतं तसं. वांझ अंड्यावर नुसता ठिपका असतो. हेही दादानेच शिकवलेलं. आम्ही चौघं वाटीभोवती होतो. चौघांनाही दिसलं. खळं नव्हतं. कप्तान शेवया खात होता.

लुदिंगने वाटी थोडी उजेडाकडे वळवली. मग सरळ केली.

"ताजं आहे," ती म्हणाली. "एखादं निघतंच असं."

तिने ते लसणावर तळलं आणि दादापुढे ठेवलं. हात पुसले आणि पुसता पुसता, सहज विचारल्यासारखं, विचारलं.

"दादा, नर कसे आहेत यंदा?"

दादा ताटाकडे बघत राहिला.

"एकोणीस," कप्तान तोंडातला घास आवरत म्हणाला. "शिक्का आहे. ताई, दाखवा तिला शिक्का."

फॉर्म माझ्या पिशवीत होता. मी तो काढला आणि हातात धरून बसले. लुदिंगने तो घेतला नाही. ती दादाकडेच बघत होती, आणि मला कळत होतं की ती वाट बघतेय. मी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडात चिकट भात होता, पण तो काही एवढा चिकट नव्हता.

शेवटी लुदिंग उठली. तिने कपाटावरचं पाकीट उचललं, वरची धूळ झटकली, धूळ काही नव्हती, आणि ते कप्तानाच्या ताटाशेजारी ठेवलं. तिने आम्हांला खोटं पाडलं नाही. आम्हीच तिला तसं वाढवलंय.

"ऑफिसात द्या," ती म्हणाली. "म्हणावं, लुदिंग येत नाही."

तिच्या धाकट्या मुलीने टाळी वाजवली. कप्तानाने पाकीट शर्टाच्या खिशात घालून पाहिलं, ते मावेना, मग दुमडू लागला. शाबास म्हणाला. आता ट्रेपाशी उभं राहून एक फोटो घेऊ, म्हणाला.

दादा उठला. तो ट्रेंपाशी गेला, वाकून एक अंडं घेतलं, डोळा मिटला आणि ते पापणीला लावलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून ठेवलं. आम्ही सगळे 'ठीक आहे' ऐकायला थांबलो होतो. त्याने अंडं खाली ठेवलं. टोक खालीच केलं. मग कप्तानापाशी आला, त्याच्या हातातलं पाकीट काढून घेतलं, घडी उलगडून मांडीवर हाताने सरळ केलं, आणि लुदिंगपुढे धरलं.

"हे राहू दे तुझ्याजवळ," तो म्हणाला. "ह्या अंड्यांतून काही निघायचं नाही, लुदिंग. नर नाहीत. पाच आठवड्यांपूर्वी आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ले."